गाळाचे आठ थर

शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी त्याला एक पिवळट गोळा लावून ठेवते. आरपार चिरा गेलेला, पावणेदोन किलोचा. बुडाला निळ्या बादलीचं प्लॅस्टिक अजून चिकटलेलं आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे पण शिल्प का? मी हो म्हणते. खरं तर तो माझ्या दुसऱ्या थरातला उरलेला माल आहे, आणि त्याच्यापायी ही शेड जळता जळता राहिली.

सुरुवात झाली ती पुरापासून. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरातलं लहान पोरसुद्धा हे दोन आकडे पाढ्यासारखे सांगतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हा तर सकाळच्या चहाबरोबरचा विषय. पाणी उतरल्यावर शाहूपुरीत मावशीच्या घरातला गाळ आम्ही चार दिवस उपसत होतो. भिंतीवर पुराची रेघ असते असं सगळे म्हणतात, पण ती एक रेघ नव्हती. पाणी उतरताना जिथं जिथं थांबलं होतं तिथं तिथं एकेक रेघ, कुठं दोन बोटं अंतरावर, कुठं वीतभर. २०२१ च्या जुलैत परत तेच. त्या खेपेला मी तीन डबे गाळ भरून घरी आणला. आईला वाटलं मी कुंड्या भरणार.

त्या रेघा रंगवून बघितल्या. कॅनव्हासवर जमल्या नाहीत. रंगात रेघ येते, पाण्याची जाडी येत नाही. मला असं काही हवं होतं की ज्यात नजर आत शिरेल, एका रेघेमागं दुसरी, तिच्यामागं तिसरी, आणि मध्ये अडकलेला खरा गाळ. म्हणजे पारदर्शक काहीतरी, थरावर थर. पॉलिस्टर रेझिनकडं मी अशी आले: ओतताना पातळ, हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रसायन. इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, का नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. इपॉक्सीला वास कमी, आकसणं कमी, सगळं खरं. पण सहा बाय चार फुटाचा फलक आठ थरांत ओतायचा तर साठेक किलो माल लागणार होता आणि माझ्याकडं पैसे पॉलिस्टरपुरतेच होते. शिवाय पॉलिस्टर जाणणारा माणूस ओळखीचा होता.

तो माणूस म्हणजे बापट कॅम्पातले मामा. माझे सख्खे नव्हेत, सगळ्यांचेच मामा. तीस वर्षं फायबरचं काम करतात: मंडळांच्या कमानी, पुतळ्यांच्या प्रतिकृती, बागेतले हत्ती-घोडे. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन बाटल्या दाखवल्या. एकीत घट्ट होण्याचा वेग वाढवणारं जांभळट कोबाल्ट, दुसरीत पाण्यासारखा स्वच्छ हार्डनर.

"ह्या दोघांची डायरेक्ट गाठ घालून द्यायची न्हाई," ते म्हणाले. "ह्यो आधी रेझिनमदी. ढवळून घ्यायचं. मग त्यो. ईरशेला पडून एका भांड्यात दोन्ही वतलं, की भडका."

हे त्यांचं सांगणं अक्षरशः खरं आहे. हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड. कोबाल्टशी थेट गाठ पडली तर तो उसळतो, पेट घेतो. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि दिसायला किती साधा! प्यायच्या पाण्याच्या बाटलीत कुणी ओतून ठेवला तर कळणार नाही. म्हणून आमच्या शेडमध्ये प्यायचं पाणी फक्त तांब्यात.

रेझिन स्वतः एकटं नसतं. ते स्टायरिनमध्ये विरघळवलेलं असतं, वजनाच्या साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरिन. हे स्टायरिनच उडून जातं, त्याचाच तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. ३१ अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ३६-३७ सहज होतं. बादल्या-ब्रश धुवायचं अ‍ॅसिटोन तर शून्याखाली वीसेक अंशालासुद्धा पेट घेऊ शकतं. दोघांच्याही वाफा हवेपेक्षा जड. त्या वर जात नाहीत, जमिनीवरनं पसरतात, पायाशी साचतात. मी हौसेनं छतालगत मोठा पंखा बसवला होता. मामा तो बघून नुसते हसले. नंतर कळलं तेव्हा शेडच्या मागच्या भिंतीला खाली दोन विटा काढून भोकं पाडली आणि समोरचं शटर फूटभर उघडं ठेवायला लागले. वीज बाहेरच्या बोर्डावरनं, आत एक बटण नाही. मोबाईल बाहेर खुर्चीवर.

आता गाळ. रेझिनला पाणी चालत नाही. ओलावा असला की ते नीट घट्ट होत नाही, दुधाळ होतं. आणि मी त्यात घालणार होते नदीचा गाळ, ज्याचा जन्मच पाण्यातला. गच्चीवर पत्र्यावर आठ दिवस वाळवला. हाताला भुकटी लागत होती, म्हणजे झाला कोरडा. मग सहज म्हणून एक किलो मोजून लोखंडी कढईत परतला, तर त्यातनं वाफ निघायला लागली. थांबेपर्यंत परतला आणि परत मोजला: ९३० ग्रॅम. उन्हात कडकडीत वाळलेल्या गाळात किलोमागं ७० ग्रॅम पाणी दडून बसलं होतं. त्यानंतर सगळा गाळ मी बेसनासारखा परतला, मैद्याच्या चाळणीनं चाळला आणि झाकणाच्या डब्यात भरला. स्वयंपाकघरातली ती कढई परत घरात घेतली गेली नाही, हे ओघानं आलंच.

थर सपाट ओतायचा नव्हता. पाणी उतरतं तसा गाळ एका बाजूला सरकत, थांबत, परत सरकत जायला हवा होता, आणि मध्येच कधीतरी रेझिननं धरायला, म्हणजे घट्ट व्हायला, हवं होतं. म्हणजे अख्खा साचा हलता पाहिजे. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या पोरानं लोखंडी चौकट करून दिली, मधोमध दांडा आणि दोन्ही टोकांना बेअरिंग. वर सनमायका लावलेला प्लायचा ट्रे. स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवणाऱ्या सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं हे गाव. "असलं यंत्र कुठं मिळतं" असा प्रश्न इथं कुणी विचारत नाही, "कुठल्या गेजचं पाहिजे" एवढंच विचारतात. ट्रेला मेणाचं पॉलिश सात हात. मामांनी सात मोजून घेतले. सहाव्यानंतर मी थांबले तर म्हणाले, "साचा सोडताना सातवा हात आठवंल."

पहिला थर पहाटे पाचला ओतला, गारवा असताना. तापमान दहा अंशांनी वाढलं की धरायचा वेळ साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळं दुपारी हे काम म्हणजे आत्महत्याच. सात किलो रेझिन, कोबाल्ट ३५ ग्रॅम, गाळ, मग शेवटी हार्डनर ७० ग्रॅम. हार्डनर पडला की घड्याळ सुरू. माझ्या हिशोबानं अठरा मिनिटं.

ती अठरा मिनिटं कशी असतात ते सांगते. तोंडावर कार्बनच्या डब्यांचा मास्क, घट्ट, कारण सैल मास्क म्हणजे मास्क नसल्यासारखाच. डोळ्यांवर गॉगल. हातात दोन-दोन हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट. दोन मिनिटांत मास्कच्या आत घाम साचतो आणि हनुवटीवरनं गळायला लागतो. बोलता येत नाही, त्यामुळं मी आणि मदतीला आलेली माझी मैत्रीण खुणांवर. ती पलीकडं, मी अलीकडं. ट्रे ती उचलणार, मी दाबून धरणार. गाळ माझ्याकडं सरकत यायचा. मग उलट. वजन चौकटीवर असतं, पण आतला माल पातळ. तो एकदा एका बाजूला धावला की सगळं वजन त्याच्यामागं धावतं आणि ते मनगटावर झेलायचं. झटका दिला तर गाळाची रेघ फुटते. त्यामुळं सावकाश. सावकाश धरणं हे जोरात उचलण्यापेक्षा कितीतरी अवघड. बाराव्या मिनिटाला हात कापायला लागतात. पंधराव्या मिनिटाला रेझिन मधासारखं होतं. मग अचानक, खरंच अचानक, ते सरकायचं थांबतं. जेलीसारखं थरथरतं आणि मग तेही नाही. त्या क्षणी ट्रे जिथं असेल तिथं खालून ठोकळे सारून ठेवायचा आणि बाहेर पळायचं.

बाहेर येऊन मास्क काढला आणि मी फुटपाथवर बसूनच राहिले. समोरच्या टपरीवाल्यानं न मागता चहा आणून दिला. कप धरता येईना.

दुसऱ्या थराला आत्मविश्वास आला होता, तिथंच घोळ. पहिल्या वेळी माल कोपऱ्यात कमी पडला होता म्हणून मी या वेळी सातऐवजी नऊ किलो कालवलं. शिवाय मैत्रिणीला यायला उशीर, त्यामुळं सुरुवात साडेनऊला. ओतून झालं, हलवून झालं, थर छान धरला. बादलीत पावणेदोन किलो उरलं होतं. ते तसंच ठेवून आम्ही बाहेर आलो.

रेझिन घट्ट होताना स्वतः तापतं. पातळ पसरलेलं असेल तर उष्णता निघून जाते. बादलीत गोळा होऊन बसलं तर जायला वाट नाही, मग जितकं तापतं तितकं भराभर धरतं आणि जितकं भराभर धरतं तितकं आणखी तापतं. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि बादली दिसल्यावर आठवणं यात फरक आहे. पाचेक मिनिटांनी शटरच्या फटीतनं पांढरी वाफ येताना मैत्रिणीला दिसली. आत बघते तर बादली एका कुशीला वितळून कलंडलेली, माल तडतड वाजत चिरतोय आणि तिच्यापासून तीन फुटांवर अ‍ॅसिटोनचा डबा. झाकण उघडं. शेजारी अ‍ॅसिटोनचे बोळे.

मास्क चढवायला किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तरी तास वाटला. शटर खाली ओढायची लांब सळई असते ना आकडीची, तिनं बादलीची कडी पकडली आणि फरफटत बाहेर आणली. शेजारी बांधकामाच्या वाळूचा ढीग होता, त्यात लोटली. मग परत आत जाऊन डबा आणला. पाय लटपटत होते, हे मात्र नंतर, डबा बाहेर ठेवल्यावर. संध्याकाळी मामा आले, गोळ्याला पायानं डिवचला आणि विचारलं, "उरलेलं कशात वतायचं सांगितलं हुतं?" जुन्या प्लायवर पातळ पसरायचं सांगितलं होतं. प्लाय तिथंच भिंतीला टेकवलेला होता.

तिसऱ्या, चौथ्या थरात काही सांगण्यासारखं घडलं नाही. पाचव्याला घडलं, पण ते बाहेरून कुणाला दिसलं नसतं.

पाचवा थर धरल्यावर मी पृष्ठभाग बघायला आत थांबले. पॉलिस्टरचा वरचा पापुद्रा हवेमुळं चिकट राहतो, आणि ते आमच्या कामाला बरं, कारण पुढचा थर त्याला छान धरतो. तर त्या चिकटपणावर माशी बसलेली दिसली. चिमट्यानं काढायला वाकले, गॉगलवर वाफ, मास्क वर सरकवला. एकच मिनिट. वास भपकन आला. मग माशी, मग एक केस, मग कोपऱ्यातला बुडबुडा. थोड्या वेळानं वास गेला. मला वाटलं, हवा खेळली. हवा बिवा काही खेळली नव्हती, नाक थकलं होतं. स्टायरिनचं हेच कपट आहे, पहिल्यांदा नाक ओरडून सांगतं आणि मग सांगायचंच सोडून देतं. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. बाहेर आले तेव्हा जीभ धातू चाटल्यासारखी आणि डोकं हलकं, जवळजवळ खुशीत. गाडीवर बसून घरी निघाले ते दसरा चौकात सिग्नल हिरवा झाला आणि मला डावीकडं जायचं की सरळ, हे कळेना. मागचे हॉर्न वाजवत होते. मी पंधरा वर्षं त्या चौकातनं जाते. गाडी बाजूला लावून पाऊण तास बसले. रात्री घरी मटण होतं. तांबड्या रश्श्याच्या वाटीला नाक लावलं, काही नाही. नुसता तिखट चटका, वास शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी वास परत आला तेव्हा मी खोबरेल तेलाची बाटली हुंगत बसले होते.

आमच्या धंद्यात हा वास अंगावर घेणं मोठेपणाचं समजतात. "सवय झालीया" हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकते. मास्क लावणारा म्हणजे नाजूक. फार तर तोंडाला टॉवेल, आणि काम झाल्यावर गुळाचा खडा, म्हणजे घशातलं सगळं उतरतं. गुळाच्या गावात गुळाविरुद्ध बोलणं अवघड आहे, पण टॉवेल वाफ अडवत नाही आणि गूळ फुप्फुसात जात नाही. निकी द सँ फाल या शिल्पकार बाईनं आयुष्यभर पॉलिस्टरचे मोठमोठे रंगीत पुतळे केले आणि त्यानंच फुप्फुसं गेली असं ती स्वतः मानायची. २००२ मध्ये ती श्वासाच्या विकारानं गेली. दुसरी शिल्पकार एव्हा हेस फायबर आणि रेझिनमध्ये काम करत होती, १९७० मध्ये मेंदूच्या गाठीनं चौतिसाव्या वर्षी गेली. तिच्या बाबतीत रेझिनचा संबंध सिद्ध झालेला नाही, तो जोडायला मी जाणार नाही. पण २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्टायरिनला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं, हे तरी आपण आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही. मी मामांना मास्क आणून दिला. ते तो लावतात, हनुवटीखाली.

सहावा थर जूनमध्ये गेला. वळवाचा पाऊस होऊन गेलेला, हवा ओली. गाळाच्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ओतल्यावर तासाभरात निम्म्या फलकावर ढग उठले, पांढरे, ताकासारखे. दुसऱ्या दिवशी नख रुतत होतं. तिसऱ्या दिवशीही. मी हॅलोजन लावून तापवायचा विचार मामांपुढं बोलून दाखवला आणि त्यांनी हातच जोडले.

चुकीतनं कसं अनपेक्षित सौंदर्य हाती आलं वगैरे लिहायची इथं जागा आहे. पण तो थर वाईटच होता. पटाशीनं अडीच दिवस खरवडून काढला. मऊ भाग लोण्यासारखा यायचा, मध्येच घट्ट पट्टा लागला की पटाशी सटकून मनगटाला हिसका. उजव्या खांद्याचं दुखणं तेव्हाचं, ते अजून आहे. पाचवा थर दोन ठिकाणी ओरखडला, ते ओरखडे आत कायमचे राहिले. मग दिवाळीपर्यंत काम बंद. नोव्हेंबरात कोरडी हवा लागल्यावर सहावा, सातवा आणि मेण घातलेला आठवा, कारण शेवटच्या थराला चिकटपणा नको, मेण वर तरंगून हवा अडवतं.

सातव्या पॉलिशचा हात मामा म्हणाले तसाच आठवला. तीन कडा टकटक करून सुटल्या, चौथी अडून बसली. तिथं मी घाईत पॉलिश केलं होतं. लाकडी पाचर आणि रबरी हातोडा घेऊन तीन तास.

पुढं घासकाम: पाणी लावून १२० नंबरचा पेपर, २२०, ४००, असं २००० पर्यंत, मग बफिंग. यात काही रोमांचक नाही. सोळा दिवस लागले. घासता घासता फलक आधी पांढरा फटक होतो आणि वाटतं सगळं वाया गेलं, मग हजाराच्या पेपरनंतर आतला गाळ हळूहळू दिसायला लागतो, खालचा आधी अंधुक, मग वरचा.

उभा केला तो डिसेंबरात. शटरसमोर, सकाळच्या उन्हात. मावशी बघून गेली, तिनं काही न बोलता तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, फ्रीज इथपर्यंत गेला होता. लेथवाल्या पोराला फलकापेक्षा बेअरिंग कशी टिकली यातच रस होता.

मामा शेवटी आले, त्यांचा रोलर न्यायला. कडेवरनं नख फिरवलं, वाकून आरपार बघितलं, पाचव्या थरातले दोन्ही ओरखडे बरोब्बर शोधून काढले. एवढ्या महिन्यांनीही बंद शेड सकाळी उघडली की मला तो गोडसर वास येतो. पूर्ण घट्ट झाल्यावरही थोडं स्टायरिन बराच काळ निघत राहतं. त्या सकाळीही येत होता, चांगला जाणवण्याइतका.

"मामा, गिऱ्हाइकाच्या घरात लावण्याआधी वास पुरता जायला पाहिजे ना हो?" मी विचारलं.

मामांनी फलकाजवळ जाऊन दोनदा श्वास ओढला.

"कसला वास?" ते म्हणाले, आणि रोलर कुठं ठेवलाय ते शोधायला लागले.